मुसीची तुग्यानी आणि हैदराबादची पुनर्घडण

सोमवार, दि. २८ सप्टेंबर १९०८. हैदराबादच्या इतिहासाचे दोन भाग पाडणारी ही तारीख आहे. या दिवशी मुसी नदीने पात्र सोडले आणि अवघ्या काही तासांत एका राजधानीचा मध्यभाग होत्याचा नव्हता केला. जुने हैदराबादकर या पुराला 'तुग्यानी' म्हणत आले. मूळ अरबी शब्दाचा अर्थ मर्यादा ओलांडणे, बंड करणे असा आहे. आपणही नदीने मर्यादा सोडली असेच म्हणतो. दोन भाषांनी एकाच अनुभवाला जवळजवळ एकच शब्द द्यावा, यात नवल नाही. कारण त्या दिवशी मराठी, तेलुगू, उर्दू, कन्नड, मारवाडी असा कोणताही भेद पाण्याने केला नव्हता.

आपले ग्रंथालय स्थापन झाले, तेव्हा या प्रलयाला फार वर्षे लोटलेली नव्हती. उस्मानसागर नुकतेच पुरे झाले होते, हिमायतसागराचे बांधकाम चालू होते आणि शहराच्या मध्यभागी जुने पाडून नवे उभारण्याचे काम जोरात होते. ज्या पिढीने हे ग्रंथालय उभे केले, तिने आपल्या ऐन उमेदीत ते पाणी पाहिले होते. म्हणूनच शताब्दीच्या निमित्ताने त्या प्रलयाचे आणि त्यानंतरच्या उभारणीचे स्मरण करणे अप्रस्तुत ठरू नये.

मुसी ही काही गंगा-गोदावरीसारखी महानदी नव्हे. विकाराबादजवळच्या अनंतगिरीच्या डोंगरांत ती उगम पावते, पूर्वेकडे वाहत हैदराबादेत येते आणि पुढे नलगोंडा जिल्ह्यात वाडपल्लीजवळ कृष्णेला मिळते. शहराच्या थोडे वर तिला इसी ही उपनदी मिळते. मुचकुंदा हे तिचे पौराणिक नाव. वर्षातील बहुतेक दिवस तिच्या पात्रात पाण्यापेक्षा वाळू आणि खडकच अधिक दिसत. १५९१ साली महंमद कुली कुतुबशहाने तिच्या दक्षिण तीरावर हैदराबाद वसवले, त्याच्या आधीच, १५७८ मध्ये, गोवळकोंड्याहून येणाऱ्या वाटेवर पुराना पूल बांधला गेला होता. पुढे वस्ती उत्तर तीरावरही पसरली. अशा दिसायला गरीब नदीच्या काठावर माणूस निर्धास्तपणे घर बांधतो. १८३१ आणि १९०३ साली मुसीला मोठे पूर आलेले होते. परंतु पूर ओसरला की त्याची आठवणही ओसरते, हा सर्वत्रचाच अनुभव.

वादळ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर उडणारी छपरे आणि उन्मळलेली झाडे येतात. समुद्रापासून शेकडो मैल आत असलेल्या हैदराबादेस वादळाचे रूप निराळे दिसते. बंगालच्या उपसागरावरून आत सरकणारी चक्री प्रणाली पठारावर येईपर्यंत तिच्यातील वाऱ्याचा जोर बराचसा संपलेला असतो. उरते ते पाणी, आणि ते एका जागी रेंगाळले की कोसळत राहते. सप्टेंबर १९०८ च्या अखेरीस मुसी-इसीच्या पाणलोटावर हेच घडले. शमशाबाद येथील पर्जन्यमापकावर चोवीस तासांत १२.८ इंच आणि अठ्ठेचाळीस तासांत १८.९ इंच पाऊस नोंदला गेला. ज्या प्रदेशात वर्षभरात मिळून तीसएक इंच पाऊस पडतो, तेथे निम्म्याहून अधिक वर्ष दोन दिवसांत कोसळले. तोही पावसाळ्याच्या शेवटी, जमीन तृप्त आणि तलाव काठोकाठ भरलेले असताना.

रमजानचे उपवास नुकतेच सुरू झाले होते. रविवारी दिवसभर पाऊस होता. रात्र चढली तसे नदीचे पाणी चढू लागले आणि सोमवारी पहाटे ते वस्तीत शिरले. कोळसावाडी, घांसी बाजार, अफझलगंज या भागांवर सर्वांत भयंकर प्रसंग ओढवला. अंधारात माणसे आधी ओट्यावर, मग माळ्यावर आणि शेवटी छपरावर चढली. परंतु मातीच्या भिंती पाण्यात किती वेळ उभ्या राहणार? पाया विरघळला की भिंत, आढे आणि छपरावरची माणसे एकदमच खाली येत. अफझलगंजात पाण्याची उंची सुमारे अकरा फूट होती, काही ठिकाणी त्याहूनही अधिक. अफझल पूल, मुस्लिम जंग पूल आणि चादरघाटचा पूल हे तिन्ही पूल पुराने उद्ध्वस्त केले. तीनशे तीस वर्षांचा पुराना पूल तेवढा दोन्ही काठांना जोडीत उभा राहिला.

या पुरात किती माणसे गेली याचा आकडा प्रत्येक लेखनात वेगळा आढळतो. पंधरा हजार हा आकडा सर्वसाधारणपणे सांगितला जातो. काही ठिकाणी तो याहून बराच कमी, तर काही ठिकाणी पन्नास हजारांपर्यंत दिला आहे. सुमारे एकोणीस हजार घरे पडली आणि ऐंशी हजार लोक बेघर झाले, असेही नमूद आहे. १९०१ च्या खानेसुमारीत शहराची लोकसंख्या साडेचार लाखांच्या घरात होती. म्हणजे दर पाच-सहा माणसांमागे एकाच्या डोक्यावरचे छप्पर एका दिवसात गेले. मृतांच्या आकड्यांतील ही तफावत हाही इतिहासच आहे. ज्यांची घरे मातीची होती, ज्यांचा कोणत्याही दप्तरात ठावठिकाणा नव्हता, त्यांची मोजदाद करणार कोण आणि कशाच्या आधारे?

अफझलगंजातील रुग्णालयाच्या आवारात एक मोठे चिंचेचे झाड होते. सुमारे दीडशे माणसे त्या झाडावर चढून बसली आणि वाचली. पुढे त्याच जागी उस्मानिया रुग्णालयाची भव्य इमारत झाली, तरी झाड राखले गेले. अलीकडच्या काळात २८ सप्टेंबरला शहरातील नागरिक या चिंचेपाशी जमत आले आहेत. राजाच्या विजयाचे स्तंभ पुष्कळ असतात. सामान्य माणसांचे प्राण वाचवणाऱ्या एका झाडाने स्मारकाची योग्यता मिळवावी, हे या शहराचे भूषणच होय.

वाचलेल्यांपैकी एकाची कथा उर्दू साहित्यात चिरंतन झाली आहे. रुबाईकार म्हणून कीर्ती पावलेले अमजद हैदराबादी यांची आई, पत्नी आणि मुलगी या पुरात गेल्या. घरातील एकटे अमजद उरले. या दुःखावर त्यांनी 'कयामत-ए-सुग्रा', म्हणजे 'लहानशी कयामत', ही कविता लिहिली. शासकीय अहवालातील घनफुटांच्या हिशेबाने पुराचे माप कळते, त्याचा भार कळत नाही. तो कळण्यासाठी अमजद यांच्याकडेच जावे लागते.

त्या वेळी गादीवर सहावे निजाम मीर महबूब अली खान होते आणि महाराजा किशनप्रसाद हे दिवाण होते. निजामाने आपल्या राजवाड्यांचे दरवाजे निराश्रितांसाठी उघडले; पुरानी हवेलीत हजारोंना आसरा मिळाला आणि अन्नछत्रे सुरू झाली. नदीचा कोप शांत व्हावा म्हणून महबूब अली खानांनी ब्राह्मणांच्या सल्ल्याने काठावर जाऊन मुसीची पूजा केली, तिला साडी आणि मोती अर्पण केले, आरती ओवाळली, अशी आख्यायिका आजही सांगितली जाते. तिच्यातील इतिहास किती आणि लोककथा किती, हा वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. ज्या प्रजेने ही कथा पिढ्यानपिढ्या सांगितली, तिला आपला राजा संकटसमयी आपल्या भाषेत, आपल्या विधीने नदीशी बोलला, असे मानावेसे वाटले. कोणत्याही समाजाला आपत्तीतून उठताना अन्नधान्याइतकीच या विश्वासाचीही गरज असते.

मदतकार्यात शहरातील अनेकांनी भाग घेतला. सरोजिनी नायडू यांनी पूरग्रस्तांसाठी केलेल्या कार्याबद्दल त्यांना पुढे 'कैसर-ए-हिंद' पदक देण्यात आले. हैदराबादेतील मराठी समाज संख्येने मोठा नसला तरी सार्वजनिक जीवनात तो जागा होता. शहाअलीबंड्यातील भारत गुणवर्धक संस्था १८९५ पासून चालू होती. पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर, केशवराव कोरटकर, वामनराव नाईक प्रभृतींच्या प्रयत्नांतून १९०७ मध्ये विवेकवर्धिनी पाठशाळा सुरू झाली होती. म्हणजे पूर आला तेव्हा ही शाळा अवघी वर्षभराची होती. तेलुगू भाषकांचे श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम १९०१ मध्ये स्थापन झाले होते. या संस्था प्रलयानंतर टिकल्या आणि वाढल्या, ही घटना लहान वाटेल. पण पडलेली भिंत पुन्हा उभी करणे आणि बंद पडलेला वर्ग पुन्हा भरवणे, या दोन गोष्टी मिळूनच पुनर्वसन होते. संस्था टिकली की लोकांना उद्याचा भरवसा वाटू लागतो.

राहता राहिला मूळ प्रश्न. असे पुन्हा होऊ नये म्हणून काय करावे? यासाठी निजाम सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण केले. आपल्या वाचकांनी लक्षात घ्यावे असे, की म्हैसूरचे हे सुपुत्र घडले ते महाराष्ट्रात. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातून १८८३ साली ते अभियांत्रिकीच्या परीक्षेत पहिले आले आणि मुंबई इलाख्याच्या नोकरीत नाशिक, खानदेश, पुणे येथे त्यांनी उमेदीची वर्षे घालवली. खडकवासल्याच्या धरणावर त्यांनी बसवलेले स्वयंचलित दरवाजे प्रसिद्धच आहेत. १९०८ मध्ये मुंबई सरकारची सेवा सोडून ते परदेशच्या प्रवासात असताना हैदराबादचे निमंत्रण त्यांना मिळाले. एप्रिल १९०९ मध्ये ते येथे आले आणि वर्ष संपण्यापूर्वी म्हैसूरचे मुख्य अभियंता होऊन गेले. त्यांच्यावर तीन कामे सोपवलेली होती: पूरनिवारणाचे उपाय सुचवणे, शहराच्या पुनर्रचनेबाबत सल्ला देणे आणि सांडपाण्याच्या निचऱ्याची योजना आखणे.

विश्वेश्वरय्यांनी प्रथम पुराचे कारण शोधले आणि १९५१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी आठवणींतही या कामाचा वृत्तांत दिला. शहराच्या वरचा पाणलोट सुमारे ८६० चौरस मैलांचा. त्यात लहानमोठे ७८८ तलाव होते, म्हणजे जवळजवळ प्रत्येक चौरस मैलाला एक. त्यांपैकी २२१ तलाव त्या पावसात फुटले. १८२ इसीच्या खोऱ्यात आणि ३९ मुसीच्या खोऱ्यात. पुराचा महत्तम विसर्ग त्यांनी सेकंदाला सुमारे सव्वाचार लाख घनफूट एवढा काढला. या आकड्यांत सारे मर्म आहे. दख्खनच्या पठारावरील तलाव साखळीने बांधलेले असतात. वरचा भरला की सांडव्यावाटे खालच्यात पाणी उतरते. काकतीयांच्या काळापासून चालत आलेली ही व्यवस्था शेतीची जीवनरेखा होती. परंतु वरचा तलाव सांडव्याने वाहण्याऐवजी फुटला, तर त्याचे सारे पाणी एकाच वेळी खालच्या बांधावर आदळते. तो फुटतो, मग त्याखालचा. अशा रीतीने दोनशेहून अधिक तलावांचे पाणी पावसाच्या पाण्यात मिसळून शहरावर आले. निसर्गाच्या कोपाला बांधांच्या दुर्बळतेची जोड मिळाली होती.

उपायही त्यांनी या निदानातूनच काढला. नदीला शहरात उंच भिंतींनी कोंडणे पुरेसे नव्हते. पूर शहराच्या वरच अडवला पाहिजे होता. म्हणून मुसी आणि इसी या दोन्ही नद्यांवर शहरापासून काही मैलांवर एकेक मोठा जलाशय बांधावा, त्यात पुराचे पाणी तात्पुरते साठवून नदीला पेलेल एवढेच खाली सोडावे, अशी त्यांची मुख्य सूचना होती. त्याबरोबर शहरातील काठ उंचावणे, तेथे बागा आणि रस्ते करणे, दाट वस्ती मोकळी करणे आणि भुयारी गटारे बांधणे या सूचना होत्या. येथे एक बारकावा ध्यानात घेण्याजोगा आहे. पूर अडवणारा जलाशय उपयोगी पडतो तो त्यातील रिकाम्या जागेमुळे. पावसाळ्यात तो आधीच भरलेला असेल, तर आलेले पाणी तसेच पुढे सोडावे लागते.

योजना तयार झाली तरी ती प्रत्यक्षात यायला काळ लागला. १९११ मध्ये महबूब अली खान निवर्तले आणि मीर उस्मान अली खान सातवे निजाम झाले. मुसीवर गंडीपेठ येथील उस्मानसागर १९२० साली पूर्ण झाले. इसीवरील हिमायतसागर नवाब अली नवाज जंग यांच्या देखरेखीखाली १९२७ साली. म्हणजे पुरानंतर पहिल्या धरणाला बारा वर्षे लागली आणि दुसऱ्याला एकोणीस. सत्ताधीश बदलला, मूळ अभियंता निघून गेला, मध्ये पहिले महायुद्ध झाले. तरीही काम सोडले गेले नाही. हैदराबादच्या पुनर्घडणीत सर्वांत मोठे श्रेय कोणाला द्यायचे असेल, तर ते या चिकाटीला द्यावे लागेल. आपत्तीनंतर पहिल्या आठवड्यात मदत करणारे हात पुष्कळ असतात. एकोणीस वर्षे तीच आठवण जागी ठेवून बांधकाम पुरे करणे दुर्मिळ.

दोन्ही तलावांनी शहराला पिण्याचे पाणीही दिले. पूरनिवारणासाठी बांधलेले जलाशय नागरिकांची तहान भागवू लागले आणि हळूहळू हाच त्यांचा मुख्य धर्म मानला जाऊ लागला.

१९१२ मध्ये शहर सुधारणा मंडळ स्थापन झाले. पुरापाठोपाठ प्लेगनेही दाट, कोंदट वस्त्यांचे दोष दाखवून दिले होते. मंडळाने रस्ते रुंद केले, नव्या वसाहती वसवल्या, पत्थरगट्टीसारखी दगडी कमानींची बाजारपेठ उभारली. नदीकाठाचे रूप पालटले. व्हिन्सेंट एश या वास्तुविशारदाच्या आराखड्यांतून दक्षिण तीरावर उच्च न्यायालय आणि सिटी हायस्कूल, तर उत्तर तीरावर उस्मानिया रुग्णालय उभे राहिले. जेथून प्रेते वाहून गेली होती, तेथे न्याय, विद्या आणि आरोग्य यांची तीन मंदिरे समोरासमोर उभी राहिली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. तथापि याची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. वस्ती मोकळी होते तेव्हा कोणीतरी तेथून उठवला जातो. काठावर पूर्वी राहणारा विणकर, कोळसेवाला, हमाल नव्या कमानींच्या आसपास पुन्हा दिसतोच असे नाही. पुनर्घडणीचा इतिहास लिहिताना उभ्या राहिलेल्या इमारतींबरोबर हरवलेल्या वस्त्यांचाही हिशेब मांडला जावा.

ग्रंथप्रेमींना विशेष वाटावी अशी एक घटना आहे. १८९१ मध्ये स्थापन झालेले आसफिया ग्रंथालय १९३६ साली आपल्या नव्या वास्तूत आले, ती वास्तू अफझलगंजात, मुसीच्या काठावर आहे. ज्या अफझलगंजात अठ्ठावीस वर्षांपूर्वी अकरा फूट पाणी उभे होते, तेथे दुर्मिळ हस्तलिखिते आणि हजारो ग्रंथ ठेवण्याचा धीर शहराला झाला. वरच्या दोन धरणांवर नागरिकांनी ठेवलेल्या विश्वासाची यापेक्षा मोठी पावती कोणती असेल? पाणी हा पुस्तकाचा जुना शत्रू. ते पाणी आता येणार नाही, असे ज्यांना वाटले त्यांनीच तेथे कपाटे मांडली.

तो विश्वास आज कितपत टिकला आहे? १९९६ साली आंध्र प्रदेश शासनाने आदेश क्रमांक १११ काढून दोन्ही जलाशयांभोवती दहा किलोमीटरच्या परिघात बांधकामावर निर्बंध घातले. २०२२ साली तेलंगण शासनाने ते निर्बंध उठवण्याचा आदेश काढला. मधल्या काळात शहर चहूबाजूंनी वाढले; विश्वेश्वरय्यांनी मोजलेल्या तलावसाखळीतील कित्येक दुवे भराव आणि इमारतींखाली गेले. ऑक्टोबर २०२० मध्ये १३ आणि १४ तारखांना पडलेल्या पावसाने शहराचा मोठा भाग जलमय झाला आणि त्यानंतर काही दिवसांतच बालापूरचा गुर्रम तलाव फुटून जुन्या शहराच्या बाजूच्या वस्त्यांत पाणी शिरले. त्याच वर्षी जुलैमध्ये उस्मानिया रुग्णालयाच्या जुन्या इमारतीत पावसाचे पाणी शिरले आणि ती रिकामी करावी लागली. सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस दोन्ही जलाशयांतून पाणी सोडावे लागले, तेव्हा मुसीच्या पात्रालगतचे महात्मा गांधी बसस्थानक जलमय होऊन प्रवाशांना बाहेर काढावे लागले. १९०८ च्या तुलनेत हे प्रसंग लहान होते. धरणांनी आपले काम केले म्हणूनच ते लहान राहिले. परंतु फुटणारा तलाव, भरलेला जलाशय आणि पात्रात घुसलेली वस्ती ही तिन्ही कारणे ओळखीची आहेत. विश्वेश्वरय्यांच्या हिशेबात ती १९०९ मध्येच मांडलेली आहेत.

ज्यांनी ते पाणी डोळ्यांनी पाहिले, त्यांतले आज कोणी हयात नाही. यापुढे तुग्यानीची साक्ष द्यायची ती अहवालांनी, नकाशांनी, जुन्या वृत्तपत्रांनी आणि अमजद यांच्या कवितेने. हे सारे कागद आहेत आणि कागद जपणे हे ग्रंथालयाचे काम. तेव्हा शताब्दीच्या या वर्षी आपल्या सभासदांना एक विनंती करावीशी वाटते. कोणाच्या घरी आजोबा-पणजोबांची त्या काळची पत्रे, रोजनिशी, घराच्या बांधकामाचे कागद वा जमाखर्चाच्या वह्या असतील, तर त्या रद्दीत जाऊ न देता ग्रंथालयाकडे द्याव्यात. मूळ देणे जड वाटत असेल, तर निदान त्यांची प्रत तरी करू द्यावी. मोठे ग्रंथ आणि अहवाल कोठे ना कोठे मिळतात. एका मराठी घराने त्या सोमवारी काय गमावले आणि पुढच्या दसऱ्याला पुन्हा तोरण कसे बांधले, हे मात्र त्या वहीतच असेल.